मायच्या माहेरचं अस्वल

जळगाव जामोदला आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. कपडे वाळत घालताना दिसतो, कुरड्या राखताना दिसतो, बघायचा नसला तरी दिसतो. त्या डोंगरात बिबटे आहेत, अस्वलं आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यातलं एखादं पायथ्याच्या संत्र्याच्या बागेपर्यंत उतरतं. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या भावानं फराळ करता करता जाहीर केलं, की वन्यप्राणी बघायला आपण सगळ्यांनी दक्षिणेकडे जायचं. खामगाव ओलांडून, अजिंठ्याच्या डोंगरातल्या अभयारण्यात. तिथून अमडापूरवरून लोणारला मुक्काम, सकाळी सरोवर बघायचं आणि परत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणाले. त्यानं फोन माझ्या तोंडापुढे धरला. कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी तिथल्या अस्वलाचा फोटो टाकला होता. तिथं हमखास दिसतं, म्हणाला. पुण्याला गेल्यापासून हमखास हा शब्द तो फार वापरतो.

खरं कारण माझी भाची होती. तिच्या वर्गातल्या कुणी मुली आफ्रिकेत जाऊन सिंह बघून आल्या होत्या आणि वर्गासमोर उभं राहून त्यांनी त्याचं वर्णन केलं होतं. आमच्या पोरीनं तोवर पिंजऱ्याबाहेरचं एकच जनावर जवळून पाहिलेलं, ते म्हणजे आमच्या गल्लीतली गाय. त्यामुळे बापाला कमीपणा आलेला. सातपुड्यात जाऊ म्हटलं तर ते त्याला फारच घराजवळ वाटलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्या भावाला साजरे वाटायला डोंगर दूरच लागतात.

माय आमच्यात कधी सहलीला येत नाही. कुठं जायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखतात, आणि दिवाळीत तर हमखास. हा शब्द आता मीही वापरला. पण त्या दिवशी भावानं त्या अभयारण्याचं नाव घेतलं आणि माय चकलीचं ताट खाली ठेवून तिच्या वऱ्हाडीत म्हणाली, "मी येतो."

भाऊ खूश झाला. त्याला वाटलं, आईला अस्वल पाहायचंय. मला मात्र ताबडतोब समजलं. त्या जंगलात मायचं माहेर होतं.

होतं म्हणजे, गाव होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ते आता नकाशात राहिलेलं नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नाही. पन्नासेक उंबऱ्यांची वस्ती, थोडी शेती, बरीच गुरं. जंगल राखीव झाल्यावर कितीतरी वर्षं गाव उठणार, गाव उठणार असं चाललं होतं, आणि शेवटी एकदाचं उठलं. लोकांना बाहेर सपाटीवर जागा मिळाली. छपरांची कवेलू, दारं, खिडक्या ज्यानं त्यानं काढून नेल्या. मारोतीला ट्रॅक्टरवर बसवून वाजतगाजत नव्या जागी नेलं. आणि हे सगळं झाल्यावर वर्षभरानं मायला नांदुऱ्याच्या बाजारात भेटलेल्या एका बाईकडून कळलं, की तुमचं गाव उठलं म्हणे.

"देवाले ट्रॅक्टरवर बसवून नेलं, अन् मले सांगावा बी नाही धाडला," असं माय तेव्हा म्हणाली होती. त्यानंतर त्या विषयावर ती बोलली नाही.

सांगावा का आला नाही, त्याचंही कारण होतं. माय माहेरी शेवटची गेली ती मामाच्या मुलीच्या लग्नाला. निघताना मामीनं गावच्या सगळ्या लेकींच्या ओट्या भरल्या आणि हिला शेवटी हाक मारली. घरची सख्खी नणंद, आणि शेवटी. मायनं मामीच्या हातातल्या तांदळांकडे पाहिलं, म्हणाली राहू दे, आणि मोकळ्या ओटीनं फाट्यापर्यंत चालत येऊन एसटीत बसली. मी बरोबर होते, तेव्हा कॉलेजात होते. मला वाटलं होतं महिना-दोन महिन्यांत मिटेल. मान-अपमानाच्या गोष्टी अशा मिटत नाहीत; दोन्हीकडच्यांना वाटतं, आधी त्यांनी बोलवावं. मग माझे वडील गेले. मग मामा गेला, मामी गेली, आणि शेवटी गावच गेलं. रुसून निघालेल्या लेकीला समजूत काढायला कुणी उरलं नाही आणि परत जायला दारही उरलं नाही.

आमच्याकडे लेक माहेरी आली की तिला तशीच घरात घेत नाहीत. दाराबाहेर थांबवतात, भाकरीचा तुकडा आणि पाणी तिच्यावरून ओवाळून बाजूला टाकतात, मग ती उंबरा ओलांडते. भाऊबिजेनंतरच्या त्या सकाळी मी मायच्या घरी ज्वारीच्या भाकरी थापत होते, तेव्हा तिनं तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा एक तुकडा मोडला, जुन्या धुतलेल्या कपड्यात बांधला आणि एका छोट्या बाटलीत पाणी भरून घेतलं. विचारलं तर म्हणाली, तिथं आता आपलं कोणी नाही. पोट्टी ओवाळंल माह्यावरून. पोट्टी म्हणजे माझी भाची. ओटीचा प्रश्नच नव्हता, मायचं कुंकू जाऊन बारा वर्षं झालेली. पण भाकरतुकडा विधवेवरूनही ओवाळतात. एकदा त्या जागेवर पाय टेकवायचा, लेकीसारखं आत जायचं आणि नीट निरोप घेऊन निघायचं, एवढंच तिला हवं होतं. हे तिनं मला चुलीपाशी सांगितलं आणि मग भावालाही सांगितलं. भाऊ तेव्हा गाडीची काच पुसत होता. "हो आई, त्यात काय, उतरवतो की तुला. बोलून ठेवतो मी तिथल्या लोकांशी," म्हणाला. आम्ही दोघं लहानपणापासून तिला मायच म्हणतो. लग्न झाल्यापासून बायकोपुढे तो आई म्हणतो. तिनं कधी त्याला टोकलं नाही.

भाचीला मी वेगळं शिकवलं. तुकडा उजव्या हातात धरायचा, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायचा, मग बाजूला टाकायचा आणि वरून पाणी. तिला ते फार आवडलं. भावजयीनं विचारलं, हे सगळं कशासाठी. मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि आपल्या पिशवीत दोन टोप्या आणि उन्हाचं मलम टाकलं. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिचं माहेर पुण्यातच दहा मिनिटांवर आहे. माहेर हरवतं कसं, हे तिला कसं कळावं.

माझा नवरा आला नाही. दिवाळीच्या दिवसांत त्याला दुकान सोडवत नाही, आणि एरवीही सोडवत नाही. आम्ही पाचजण निघालो. पूर्णेचा पूल ओलांडला, नांदुरा गेलं, खामगाव गेलं. शेतांतून कापूस फुटलेला होता, वेचणीला बाया लागल्या होत्या. भाऊ गाडी चालवत चालवत लेकीला बिबट्या आणि वाघ यांच्या पाऊलखुणांतला फरक समजावून सांगत होता. हे ज्ञान त्याला आदल्या रात्री फोनवरून झालं होतं. वाटेत एका शेतात रोह्यांचा कळप दिसला. पोरगी किंचाळली, गाडी थांबली, फोटो निघाले. रोही म्हणजे नीलगाय. आमच्या भागात कुणाच्या शेतात ते घुसले की लोक रात्र रात्र फटाके फोडत बसतात. माय खिडकीतून बघत म्हणाली, याह्यनंच आमचा हरभरा किती खाल्ला बाप्पा, अन् आता याह्यचे फोटो. सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी ती शेवटची तेव्हाच हसली.

घाट लागल्यावर ती पुढं वाकून बसली. रस्त्याच्या कडेला बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. माय त्यांच्याकडे एकेक करून बघत होती. मला वाटतं, ओळखीचा चेहरा शोधत होती. मग ती बोलायला लागली. आम्ही पोरी असताना मोहफुलं वेचायला जायचो तर मोठ्यानं बोलत जायचो, गाणी म्हणत जायचो, म्हणजे अस्वलाला आधीच कळावं आणि त्यानं बाजूला व्हावं. अस्वल दिसलं नाही म्हणजे दिवस चांगला गेला. भाची म्हणाली, आजी, मग तू कधीच अस्वल नाही पाहिलंस? "दिसू नये म्हणूनच तं एवढं ओरडत होतो," माय म्हणाली. पोरीला तिची कीव आली असावी. आज दिसेल हं आजी तुला, म्हणाली.

अभयारण्याच्या गेटवर आमची गाडी सोडून तिथली उघडी जीप घ्यावी लागते. भाऊ खाली उतरला. माय आणि मी गाडीतच बसून होतो, काच खाली होती. चौकीतल्या माणसानं विचारलं, कुठून आले, कोण्या गावचे.

"पुण्याहून," भाऊ म्हणाला. "पुण्याचे आहोत आम्ही."

मायनं "अरे" एवढंच म्हटलं, तेही इतकं हळू की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल. तो पुढे विचारत होता, अस्वल दिसण्याची शक्यता किती, कोणत्या वाटेनं नेणार, मोठी लेन्स चालते का. मला वाटलं, गाईड आल्यावर मायचं बोलेल. सकाळी शब्द दिला होता त्यानं, काचेवरून फडकं फिरवत का होईना, पण दिला होता.

जीप आली. गाईड पन्नाशीचा, खाकी शर्टातला माणूस, बोलायला बरा. त्यानं नियम सांगितले. खाली उतरायचं नाही. ओरडायचं नाही, बोलायचं तेही हळू. खायचं काही टाकायचं नाही. माय भाचीच्या शेजारी बसली, कपड्यातला तुकडा मांडीवर घट्ट धरून. मी भावाला खुणावलं. त्यानं हातानंच सांगितलं, थांब, बघतो.

आत शिरल्यावर साग सुरू झाला, मग अंजन, मग उंच वाळत चाललेलं गवत. मोर दिसले, वानरं दिसली. गाईड एकेका पाणवठ्यापाशी जीप थांबवायचा, सगळे श्वास रोखून बसायचे, काही यायचं नाही, आणि आम्ही पुढे निघायचो. पण माय प्राणी शोधतच नव्हती. ती वाट ओळखत होती. इथून पाणी आणायला जायचो, असं माझ्या कानात सांगायची. हा नाला. त्या टेकाडामागं आमची वाडी. तिचा आवाज तरुण झाला होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. सत्तरीची बाई होती, गुडघे गेलेले होते, आणि बोलत अशी होती की एसटीतून उतरून आता धावतच सुटेल.

एका वळणावर मोकळा माळ आला. मध्ये वडाचं झाड, त्याला दगडी पार. बाजूला मातीचे ढिगारे, त्यांवर तरवड आणि घाणेरी माजलेली. गाव ते एवढंच. मला ओळखता आलं नाही, मायला आलं. तिनं पारावरून बोट फिरवत फिरवत नेलं, जसं आपण गल्लीतली घरं मोजतो, आणि एका ढिगाऱ्यावर थांबवलं. त्याच्यासमोर काळ्या दगडाची पायरी अजून होती. दार गेलं होतं, भिंती गेल्या होत्या, पायरी राहिली होती.

"थांबवा," माय म्हणाली.

त्याच वेळी गाईडनं हात वर केला आणि ड्रायव्हरनं जीप थांबवली. मायचं ऐकून नव्हे. त्या ढिगाऱ्यावर अस्वल होतं.

मातीच्या भिंती पावसानं ढासळल्या की त्यांत वाळवी घर करते, आणि वाळवी म्हणजे अस्वलाचा फराळ. ते आमच्याकडे पाठ करून मायच्या बापाच्या घरात खणत होतं. पुढच्या पंजांनी माती उपसायचं, तोंड आत घालायचं आणि असा आवाज काढून ओढायचं की आम्हाला जीपमध्ये ऐकू येत होता. काळंभोर, धुळीनं माखलेलं, कामात गुंग. गाईड कुजबुजला, नशीबवान आहात. भावानं कॅमेरा लावला. भावजयीनं फोन लावला. भाची बापाच्या खांद्यावर चढली होती, तिचे डोळे एवढे मोठे झालेले.

मायनं कपड्याची गाठ सोडली. तुकडा काढला, भाचीच्या हाताला लावला आणि म्हणाली, "घे वं माय, ओवाळ ना माह्यावरून."

पोरीनं हात झटकला. लहान आहे ती. समोर अस्वल आणि मागून आजी भाकरीचा तुकडा देतेय, कुणीही झटकला असता. मायनं दुसऱ्यांदा हात पुढं केला. तेवढ्यात गाईडची नजर गेली. त्याला वाटलं, म्हातारी जनावराला भाकर टाकतेय.

"आजी, खायचं टाकू नका, दंड पडंन," तो म्हणाला.

आणि माझा भाऊ डोळा कॅमेऱ्यातून न काढता म्हणाला, "माय, गप बस ना बे जराशी."

कित्येक वर्षांनी त्यानं बायकोपुढे तिला माय म्हटलं, ते असं. आईला कुणी बे म्हणत नाही आमच्यात. बे दोस्ताला म्हणतात, लहान भावाला म्हणतात. त्याचं त्यालाही कळलं नसेल, इतकं ते आतून आलं.

अस्वलानं मान वर केली. आमच्याकडे पाहिलं, पायरीवरून खाली उतरलं आणि झुलत झुलत घाणेरीत शिरलं. पायरीवरून उतरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथं मायला पाय टेकवायचा होता तिथं ते दोनदा पाय टेकवून गेलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. भावजय म्हणाली, थोडं हळू बोलायला हवं होतं, अजून थांबलं असतं. भाची रडवेली झाली, आजीमुळे गेलं म्हणाली. तिला कुणी रागावलं नाही. मी रागावणार होते, पण मायनं माझा हात दाबला. तिनं तुकडा पुन्हा कपड्यात बांधला. पिशवीत बाटली नीट उभी ठेवली, पाणी सांडू नये म्हणून. मी भावाला म्हणाले, आता तरी विचार त्यांना, पाच मिनिटं उतरवा म्हणावं. त्यानं गाईडला विचारलं, खाली उतरून फोटो काढता येईल का. फोटो. गाईड म्हणाला, छे, अस्वल अजून आसपासच आहे. आणि जीप निघाली.

निघताना मायनं मागं वळून हात जोडले. ते गाईडनं पाहिलं. बरंच पुढं आल्यावर त्यानं विचारलं, "आजी, हात कोणाले जोडले?"

"माहेराले," माय म्हणाली. "ते पायरीचं घर माह्या बापाचं होतं."

गाईड सीटवर पूर्ण मागं वळला. आधी मायकडे पाहिलं, मग भावाकडे. त्याच्या तोंडावर राग नव्हता, चुकचुकल्यासारखं होतं.

"मंग गेटवर काऊन नाही सांगितलं? जुन्या गावची मंडळी आली तं उतरू देतात त्याह्यले. संग एक गार्ड देतात, पारापाशी घटकाभर बसतात, नारळ फोडतात. दिवाळीत तं लेकी येतातच. परवा बी दोघीजणी येऊन गेल्या."

मी विचारलं, आता परत फिरता येईल का. त्यानं मान हलवली. गेट बंद व्हायची वेळ झाली होती, वाट एकेरी होती, आणि गार्ड आधी सांगून घ्यावा लागतो. शिवाय, तो थोडा अडखळून म्हणाला, तुमची नोंद पुण्याची आहे. मायनं त्याला विचारलं, त्या दोघी कोणाच्या लेकी होत्या. त्याला ठाऊक नव्हतं. एक उंच होती, एक जराशी बुटकी, एवढं त्याला आठवत होतं. माय पुढचा सगळा रस्ता त्या दोघी कोण असतील याचाच विचार करत होती. एकदा एक नाव पुटपुटली, मग स्वतःच नाही म्हणाली.

अमडापूरला चहाला थांबलो. भावजय आणि भाची फोनमधलं अस्वल बघत होत्या. मी भावाला हॉटेलच्या मागच्या बाजूला नेलं आणि विचारलं, तुला तिच्या गावाची लाज वाटली का. तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "काय ताई, त्यांनी विचारलं कुठून आलात. मी पुण्याहून आलो, तर पुणंच सांगणार ना. मला काय माहीत, असं काही असतं." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, म्हणून माझा आणखी संताप झाला. माणूस खोटं बोलला तर त्याला पकडता तरी येतं. मी म्हणाले, तू बोलून ठेवणार होतास. तो म्हणाला, अस्वल आलं ना मध्येच. मग परत टेबलाशी येऊन मायच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आई, पुढच्या वेळी नक्की. आपण खास त्याच्यासाठीच येऊ. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. माय हो म्हणाली. जेवायला वाढलंय म्हटल्यावर जसं हो म्हणते, तसं.

तिनं कपड्याची गाठ सोडली आणि तो तुकडा चहात बुडवून खाल्ला. ओवाळलेला तुकडा कुणी खात नाही. पण हा ओवाळलाच नव्हता. होती ती सकाळची साधी भाकर, आणि तिला भूक लागली होती.

लोणारला सकाळी सगळे सरोवर बघायला काठावर गेले. माय गाडीतून उतरली नाही. एवढा प्रचंड खड्डा आहे, जगात नाही असा, भाऊ तिला समजावत होता. "खड्डा मी काल पाह्यला," माय म्हणाली. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. तो दार लावून कॅमेरा घेऊन गेला.

मंडळी पुण्याला गेली. दिवाळी संपली. मी शिकवते ती शाळा सुरू झाली, मी माझ्या पाढ्यांत आणि फळ्यात अडकले. आठवडाभरानं संध्याकाळी मायकडे गेले तर ती ओट्यावर सूप घेऊन वालाच्या शेंगा मोडत बसली होती. मी शेजारी बसून फोन काढला. भावानं अस्वलाचा व्हिडिओ टाकला होता. शेकडो माणसांनी पाहिला होता. मी मायला दाखवला. ढिगारा, पायरी, खणणारं काळं धूड. आवाज चालू होता. त्यात तिचा आवाज होता, ओवाळ ना माह्यावरून, आणि मग त्याचा. तो तेवढा भाग काढून टाकायचाही विसरला होता, किंवा त्यात काढण्यासारखं काही त्याला वाटलं नव्हतं. मायनं ते शेवटपर्यंत ऐकलं. खाली काय लिवलं, तिनं विचारलं. तिला अक्षर बारीक दिसत नाही.

मी वाचायला नको होतं, पण वाचलं. त्यानं लिहिलं होतं, "माझ्या आजोळी, माझ्या मामाच्या घराच्या अंगणात. आमची मुळं या जंगलात आहेत याचा अभिमान." त्याखाली लोकांनी लिहिलं होतं, किती भाग्यवान, काय वारसा आहे, कधी नेतोस आम्हाला.

मायनं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. आजोळी हा शब्द आला तिथं तिनं मान हलवली.

"हे गेटवर सांगाचं होतं त्यानं," ती म्हणाली, आणि पुढची शेंग मोडायला घेतली.